अंगावरचा शेंदूर

चैत्री पुनव उद्यावर आली, की राजापेठेतल्या पुंजाजी माळ्याच्या घराला दोन वास येत. पुढच्या अंगाला दुकान. तिथे रुईच्या पानांचे भारे आणि मोगऱ्याच्या ओल्या टोपल्या. मागच्या अंगाला भट्टी. तिथे तापल्या शिशाचा वास, गोडसर आणि जिभेवर बसून राहणारा. त्या घरात वाढलेल्याला दोन्ही वास देवाचेच वाटत. मारुतीरायाला लागतं तरी काय? रुईची माळ, शेंदूर आणि तेल. माळ पुढून जायची, शेंदूर मागून. तेल तेवढं तेल्याचं.

पुंजाजीचा थोरला लेक शेषराव भट्टीशी बसून वर्षातला सगळ्यात मोठा घाणा उतरवत होता. शिसं वितळवून हलवत राहिलं की त्याची पिवळी भुकटी होते. ती दळायची, चाळायची आणि पुन्हा लोखंडी कढईत मंद विस्तवावर भाजत बसायचं. पिवळी तांबूस होते, तांबूस तांबडी होते आणि मग एका घटकेला असा रंग पेटतो, की समोर साक्षात मारुती उभा राहिल्यासारखा वाटावा. ती घटका ओळखायची. थोडं कमी भाजलं तर रंग फिका, थोडं जास्त तापलं तर पुन्हा पिवळं. जर्मन-जपानच्या लढाईच्या दिवसांत कानपूरचा माल येईनासा झाला तेव्हा पुंजाजीनं ही भट्टी घातली. तेव्हापासून परतवाड्यापासून चांदूर रेल्वेपर्यंत कितीतरी गावच्या मारुतीच्या अंगावर याच घरचा शेंदूर चढत आला.

भट्टीचे दोन नेम होते, तेही पुंजाजीनंच घातलेले. मारुती ब्रह्मचारी, म्हणून बाईमाणसानं भट्टीचा उंबरठा ओलांडायचा नाही. दुसरा नेम असा, की भट्टीवर बसायचं ते आंघोळ करून. पण उठल्यावर आंघोळ करायची नाही, हातसुद्धा धुवायचे नाहीत. अंगाला लागला तो देवाचा शेंदूर. तो मोरीत कसा जाऊ द्यायचा? पंच्यानं पुसायचा, आणि ते पंचे वर्षाकाठी पेढी नदीच्या पात्रात सोडायचे. म्हणून या घरचे पुरुष लाल नखांनी जेवायला बसत. बाजारात कुणीकुणी त्या हातांना हात लावून आपल्या कपाळाला लावी, आणि पुंजाजीची मान मग दिवसभर ताठ असे.

शेषरावनं पळी डाव्या हातात घेतली. उजवं मनगट दिवाळीपासून ऐकत नव्हतं. उचलायला गेलं की पंजा खाली लोंबायचा. देवळात कीर्तनाला तो पहिल्या रांगेत टाळ धरून उभा राहायचा. आताशा तो खांबाआड बसत असे. कुणी विचारलं तर म्हणे, गळा बसला.

"झालं का तुमचं?"

उंबरठ्याबाहेर सुभद्रा उभी होती. पदराचं टोक दातात, हातात ताकाचा गडू.

"होतच आलं. कोन आलं?"

"माहे बाबा आले चांदूरहून. कैऱ्या घेऊन आले टोपलंभर. उत्तम भाऊजी बी अकोल्याहून येऊन बसले. तुमचीच वाट पाहून राहिले सारे." तिनं गडू उंबरठ्यावर ठेवला. "एक गोठ सांगू?"

"सांग."

"जयवंता घरात आली म्हंजे तिले सांगून ठेवजा. भट्टीवरून उठल्यावर तुमाले पोटात कळ येते, तवा ताक लागते. मीठ नाई टाकाचं, नुसतं जिरं. मीच सांगतलं असतं, पन तिले मायाकडून आयकाची लाज वाटंन."

जयवंता म्हणजे तिची धाकटी बहीण. वय सतरा. उद्या मारुतीच्या अंगावर शेंदराचा नवा चोला चढला, की त्याच देवळात माळ घालून शेषरावशी तिचं लग्न व्हायचं होतं.

"सुभद्रे..."

"मी रडून नाई राहिली," ती म्हणाली, आणि खरोखरच रडत नव्हती. "परकी येन्यापरीस माही बहीन येवो, असं मीच बाबाले म्हटलं. आठ वर्षं झाले. आता तुमच्या घरच्यायनं तरी किती थांबाचं? प्या ताक, गरम होते."

ती गेली. शेषरावनं कढई उतरवली. रंग अगदी नेमका उतरला होता, पण त्यानं लगेच त्यावर झाकण ओढलं.

कारण त्याला ठाऊक होतं. घरात कुणाला ठाऊक नव्हतं ते त्याला ठाऊक होतं.

पाडव्याच्या आधी तो शिसं आणायला अकोल्याला गेला होता. जुन्या बॅटऱ्यांच्या पट्ट्या तिथल्या भंगारवाल्याकडे मिळत. धाकट्या भावाचं, उत्तमचं, फुलांचं दुकान जवळच. तिथेच कळ उठली, आणि अशी उठली की शेषराव हारांच्या टोपल्यांत आडवा झाला. उत्तमनं त्याला उचलून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हातारे, शांत. त्यांनी पोट दाबून पाहिलं, मनगट उचलून सोडून पाहिलं, आणि मग खालचा ओठ बोटानं ओढून हिरड्यांकडे बघत राहिले.

"छापखान्यात खिळे जुळवता का?"

"नाई जी. शेंदूर करतो."

"कशाचा?"

"शिशाचा. कशाचा असते?"

डॉक्टरांनी उत्तमला बाहेर बसायला सांगितलं. "मुलं किती?"

"नाई जी. आठ वर्षं झाले लग्नाले."

त्यांनी तपासायला म्हणून जे मागितलं ते ऐकून शेषरावचे कान तापले. पण कळ एवढी होती, की लाजेला जागा उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी काचेची पट्टी दुर्बिणीखाली बघून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "तुम्ही माळी ना? भाजलेलं बी पेरलं तर उगवेल का?"

"नाई."

"तसं झालंय. बी आहे, पण फार थोडं, आणि आहे त्यात जीव नाही. शिशानं केलंय हे. धुरातून जातं, धुळीतून जातं, हाताचं तोंडात जातं. रक्तात मिसळतं, हाडांत बसतं. हिरडीवर ही निळी रेघ आहे ना, ती त्याचीच. मनगट पडलं तेही त्यानंच. तुमच्या बायकोकडे बोट दाखवण्यासारखं मला यात काही दिसत नाही."

"अन् सोडून देल्लं तं?"

"तर सुधारेल कदाचित. वर्ष लागेल, दोन लागतील. हमी देत नाही. नाही सोडलंत तर मात्र हमी देतो." मग थांबून त्यांनी विचारलं, "काही खाऊन बसता ना भट्टीवर?"

"शनवारी उपाशी बसतो. नवस हाये."

"कसला?"

"पोट्ट्याचा, जी."

"रिकाम्या पोटी शिसं जास्त भिनतं, शेषराव. मारुतीला सांगा, नवस बदलून मागतो म्हणावं. आणि काही नाही तर निदान साबणानं हात धुऊन जेवत जा."

आणि मग शेषरावनं काय केलं? शिशाची गोणी खांद्यावर घेतली आणि अमरावतीच्या मोटारीत जाऊन बसला. उत्तमनं विचारलं तर म्हणाला, पोटात वारा धरला होता. कुणाला सांगायचं? बापाला सांगायचं, की तुझ्या देवाच्या वस्तूनं मला असं केलं? आणि बाप्या माणसाला असं काही होतं, हे ऐकलं होतं कुणी? पोर होत नाही ते बाईला. एवढं सरळ होतं ते सगळं.

तरी डॉक्टरांचं खोटं निघावं म्हणून त्यानं एक करून पाहिलं. इतवाऱ्याच्या बाजारात डोमाजी भेटला, त्याला गाठलं. डोमाजी पूर्वी या भट्टीवर शिसं वितळवायला होता. वितळवण्यापुरताच, शेंदूर झाला की त्याचा हात लागू द्यायचा नाही, असा तेव्हाचा रिवाज. धुराला मात्र कोण कोणत्या जातीचं ते कळत नव्हतं. छप्पन्न साली डोमाजीनं नागपूरला दीक्षा घेतली आणि परत येऊन सरळ सांगितलं, पुंजाजी, हे देवाचं काम आता माह्यानं होनार नाई. आता तो बडनेऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये होता आणि त्याच्या खांद्यावर दीड-दोन वर्षांचं गुटगुटीत पोरगं बसलं होतं.

"डोमाजी, तुले हे पोट्टं कसं झालं गा?"

"आता कसं होते ते बी मीच सांगू काय?" डोमाजी एवढ्यानं हसला, की भाजीवाल्या वळून बघायला लागल्या. मग शेषरावचं तोंड बघून त्यानं हसू आवरलं. "मले काय ठाऊक, शेषराव. तुमच्याकडून सुटलो, अन् पोटातली कळ गेली. भूक लागाले लागली. मंग पंचफुलेले दिवस गेले. बारा वर्षांनं गेले. तू काहून सुकला एवढा?"

शेषरावनं डॉक्टरांचं त्यालाही सांगितलं नव्हतं.

आता शेषरावनं नेमाप्रमाणे पंच्यानं हात पुसले, ताक घेतलं आणि तो ओसरीवर आला.

ओसरीवर पत्रावळी मांडून ठेवल्या होत्या, पण वाढलं नव्हतं. आधी गोठ, मग जेवण, असं पुंजाजीनं सांगून ठेवलं होतं. दिवेलागणीला देवळात परतवाड्याचे बुवा हनुमानजन्माच्या आख्यानाला उभे राहणार. त्याआधी घरचं सगळं मिटलं पाहिजे. पुंजाजी खांबाला टेकून बसला होता. समोर त्याचे व्याही, सुभद्रेचे वडील महादेवराव, पागोटं मांडीवर. उत्तम दाराशी. पुंजाजीची विधवा बहीण तानुबाई मधोमध, आणि तिचं सुरूही झालं होतं.

"मी म्हनते, संत्र्याचं कलम बी पाचव्या वर्षी फळ देते. अन् हे आठ वर्षं झाले, नुसता पाला घेऊन उभी हाये!"

"बाई, पोरगी आतून आयकून राहिली," महादेवराव म्हणाले. "जरा बेतानं. मी भांडाले नाई आलो. दुसरी पोरगी देतो म्हनतो, याच्यावर काय पाह्यजे तुमाले?"

"माह्यं नाव घेऊन काहून बोलता, इवाई? मी का तुमच्या पोरीची वैरीन हाये? शेषरावले शनवारचा नवस मीच सांगतला ना? मीच म्हटलं ना, उपाशी बस अन् देवाचा शेंदूर आपल्या हातानं भाज?"

"आत्या, आता कायदा झाला," उत्तम दारातून म्हणाला. "एक बायको असतानी दुसरी करता येत नाई. कोनी अर्ज केला तं दादा आत जाईन."

"कायदा दिल्लीत हाये. राजापेठेत कोन पाह्यले येते?"

"त्यापरीस माहा धाकटा घ्या ना दत्तक. घरचंच पोट्टं हाये."

"मैनानं हो म्हटलं?"

उत्तमनं दाराच्या कडीशी चाळा सुरू केला.

"म्हंजे नाई म्हटलं," तानुबाई म्हणाली. "लेका, बायकोले न इचारता पोट्टं वाटाले निघाला! फुलाचा हार हाये काय तो?"

महादेवरावांनाही हसू आलं. पुंजाजी मात्र हसला नाही. तो तानुबाईकडे नाही, उत्तमकडे नाही, शेषरावकडे बघत होता.

"हे पाहा. चोला चढला, का उद्या तथीच माळ घालून टाकू. देवासमोर. मंग कोन पाहते कायदा अन् बियदा. सुभद्रा बी घरात राहीन, तिले कोनी जा म्हनत नाई. शेषराव, तू फक्त हो म्हन. तुह्या तोंडानं म्हन, म्हंजे इवाई सकाळच्या गाडीनं जयवंतेले घेऊन येतीन."

कीर्तनात बुवा धृपद सोडतात आणि मागच्यांनी ते उचलायचं असतं. उचललं तर कीर्तन पुढे जातं; नाही उचललं तर बुवांचा एकच सूर वर लोंबकळत राहतो. तसे सगळे शेषरावच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याला आतल्या दाराआडचा हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता. काठ हलत नव्हता. हो म्हटलं, की जेवण, मग आख्यान, मग उद्या चोला. आणि मग आठ वर्षांनी याच ओसरीवर कुणीतरी जयवंतेला पाल्याचं झाड म्हणेल.

"नाई," तो म्हणाला.

"काहून?"

"तिले बी पोट्टं होनार नाई."

तानुबाईनं बोट हनुवटीला लावलं. "मायबाई! तुले काय सपन पडलं?"

"सुभद्रेत काही कमी नाई, आत्या. कमी मायात हाये." एकदा तोंड उघडल्यावर मग त्याला थांबता आलं नाही. अकोल्याचं सगळं सांगितलं. कळ, हिरडीवरची रेघ, दुर्बीण, भाजलेलं बी. डोमाजीचं सांगितलं. सांगताना त्यानं मान वर केली नाही. आवाजही चढवला नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगत गेला. शेवटी खालचा ओठ ओढून त्यानं ती निळी रेघ सगळ्यांना दाखवली. "शिशानं होते म्हने असं. भट्टीनं."

पुंजाजी उठून उभा राहिला. "देवाच्या वस्तूले इख म्हनतं? एवढी वर्षं हेच खाल्लं तू. ह्याच्यावर तुहं लग्न झालं!"

"मी काहून म्हनू, बाबा? देवाले नाई चढत ते. आपल्याले चढते."

"अन् तो डाक्टर? त्याले काय समजते मारुतीचं?"

"मारुतीचं नाई समजत. मानसाचं समजते."

"अरे, हे असं चारचौघात सांगतात काय!" तानुबाई पदर तोंडाला लावून म्हणाली. "बाप्या मानसानं? इवाई बसले हायेत समोर."

"इवाईलेच तं सांगतो. त्यायची पोरगी हाये."

महादेवरावांनी पागोटं डोक्यावर ठेवलं. मघापासून नरमाईनं बोलणारा माणूस एकदम वेगळाच दिसायला लागला. "म्हंजे एक पोरगी देल्ली, तिले आठ वर्षं वांझ म्हनून घेतलं. अन् दुसरी मी आपल्या पायानं आनून देत होतो. वा! सुभद्रे, बांध तुहं गठुडं. सांजची गाडी हाये."

हिरवा काठ हलला. सुभद्रा बाहेर आली, पण बापाकडे गेली नाही. नवऱ्यासमोर उभी राहिली.

"कवापासून ठाऊक हाये तुमाले?"

"पाडव्याच्या आंगोदरपासून."

"पाडव्यानंतर मी जयवंतेच्या चोया शिवल्या. चार."

"हो."

"तुमी पाहत होता."

"हो."

"तुमीच म्हटलं, बाहीले काठ चांगला दिसते."

शेषरावनं मान हलवली.

"लय वाईट केलं तुमी," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण ओसरीवर दुसरा आवाजच नव्हता. मग ती वळली. "बाबा, बसा. जेवल्याबिगर जाऊ नका. मी आज येत नाई. पन हे उद्या चोला झाल्यावर पुन्हा भट्टीवर बसले, तं त्याच दिवशी मी चांदूरची गाडी धरीन. मंग कोनी मले आनाले येऊ नका."

"भट्टी कोन बंद करते!" पुंजाजी ओरडला. "लोक काय म्हनतीन? पुंजाजीचा शेंदूर..."

"पुंजाजी माळी हाये."

हे बोलली ती माणिकबाई. पुंजाजीची बायको. सकाळपासून चुलीपुढे होती, आणि एवढा सगळा वेळ दारात उभी राहून तिनं एक शब्द काढला नव्हता. तिच्या हातात देव्हाऱ्यातला टिळा लावायचा आरसा होता.

"लढाईच्या आंगोदर आपन काय वाहत होतो देवाले? माळ. बगीचातली. तवा तो घेत नव्हता काय?" तिनं आरसा नवऱ्यापुढे धरला. "शेषरावनं आपला ओठ दाखवला. तुमी आपला पाहा."

"मले काय झालं?"

"पाहा तं."

पुंजाजीनं आरसा घेतला. लाल नखांच्या बोटांनी खालचा ओठ ओढला आणि उजेडाकडे तोंड केलं. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या काठानं, शाईनं ओढल्यासारखी निळी-काळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. लेकाच्या रेघेहून रुंद. पुंजाजी बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं ओठ सोडला, पुन्हा ओढला, जणू दुसऱ्या वेळी ती तिथे नसेल.

"लोकात सांगाची गोठ नाई," माणिकबाई म्हणाली, "पन आज सांगते. शेषराव, मंग उत्तम, मंग देवीच्या साथीत गेली ते पोट्टी. तिघं झाले मले. मंग तुमी भट्टी घातली. मी तिसाची बी नव्हती तवा. त्याच्यानंतर एकदा बी काही नाई. मी म्हटलं, देवानं पुरे केलं. कोनाले इचारू?"

पुंजाजी खाली बसला. आरसा त्याच्या मांडीवर पालथा.

"मले वाटे," तो म्हणाला, आणि हे त्यानं कुणाला सांगितलं ते कळलं नाही, "ब्रह्मचाऱ्याची सेवा केली, म्हून त्यानं मले आपल्या रांगेत बसवलं. मले वाटे, मायावर किरपा झाली. मी मनातल्या मनात खुश होतो, माणके. एवढी वर्षं."

उत्तमनं दाराची कडी सोडली आणि भावाच्या शेजारी जाऊन बसला. तानुबाई पत्रावळीच्या काड्या मोडत होती. मग तीच म्हणाली, पण मघाचा आवाज राहिला नव्हता. "शनवारचा उपास मीच सांगतला होता त्याले. उपाशी बस म्हटलं. मीच." ती उठली आणि मुकाट्यानं आत जाऊन भाताचं पातेलं घेऊन आली. वाढायला लागली. पहिला भात तिनं शेषरावच्या पत्रावळीवर घातला, दुसरा सुभद्रेच्या बापाच्या.

"बसा, इवाई. आमाले जे म्हनाचं ते जेवल्यावर म्हना."

महादेवरावांनी मुलीकडे बघितलं. तिनं मान हलवली तेव्हा त्यांनी पागोटं पुन्हा काढून मांडीवर ठेवलं.

कोपऱ्यावरच्या देवळातून मृदंगावर थाप ऐकू आली. बुवांचे साथीदार वाद्य लावत होते. एरवी त्या आवाजासरशी पुंजाजी जेवण अर्धं टाकून उठायचा. आज तो पत्रावळीपुढे बसला, भातात हात घालायला गेला आणि थांबला. आपल्याच नखांकडे बघत राहिला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि मोरीपाशी जाऊन उभा राहिला.

"सुभद्रे," त्यानं हाक मारली. "पानी घाल."

सुभद्रेनं सासूकडे पाहिलं. सासूनं फडताळातला कपडे धुवायचा साबण काढून नवऱ्याच्या हातात दिला. सुभद्रेनं गडू भरून आणला आणि धार धरली.

फेस आधी गुलाबी झाला, मग लाल. पाणी दगडावरून मोरीच्या तोंडाकडे निघालं तशी पुंजाजीनं सवयीनं ओंजळ खाली नेली, अडवायला.

"जाऊ द्या," माणिकबाई म्हणाली. "देव देवळात बसला हाये. मोरीत नाई बसला."

ओंजळ जरा वेळ तशीच राहिली. मग पुंजाजीनं हात बाजूला घेतले. पाणी गेलं. त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, चूळ भरली, आणि पंचा तिथेच खुंटीवर असूनही धोतराच्या सोग्याला हात पुसत पत्रावळीवर जाऊन बसला. जाताना लेकाला म्हणाला, "उद्याचा चोला चढवून घेऊ. मंग भट्टीतले कोयसे काढून टाकजो. मायानं नाई होनार ते."

शेषराव मोरीपाशी आला. त्यानं दोन्ही हात पुढे केले. डावा राहिला, उजवा मनगटातून खाली पडला. सुभद्रा बघत उभी होती. जयवंतेच्या चार चोळ्या अजून तिच्या पेटीत घडी करून ठेवलेल्या होत्या, आणि त्याबद्दल तिनं त्याला माफ केलेलं नव्हतं. ते तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. तरी तिनं एका हातानं ते मनगट उचलून धरलं आणि दुसऱ्या हातानं गडू कलता केला. आठ वर्षांत पहिल्यांदा तिच्या बोटांना शेंदूर लागला.

त्यानं साबण फिरवला आणि हात मागे घ्यायला गेला. तिनं सोडला नाही.

"घासा," ती म्हणाली. "नखात हाये अजून."